आधी थँक्यू, मग तक्रार

व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही दोघांनी मला कितीदा तरी विचारलं आहे, "आजी, मागे कोण भांडतंय?" मी दर वेळी "कोणी नाही" म्हणते आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढते. पण ते खरं आहे. कोणी भांडत नसतं. आमच्या शेजारच्या मार्थाबाई देवाचे आभार मानत असतात.

आभार हळू आवाजात मानायचे असतात, अशी माझी समजूत होती. मी लहानपणी इथल्याच, रायपूरच्या तात्यापाऱ्यातून नन्सच्या इंग्रजी शाळेत जात असे. तिथे प्रार्थना म्हणजे मिटलेले डोळे, जोडलेले हात आणि ओठांची जेमतेम हालचाल. मार्थाबाईंची प्रार्थना नळावरच्या भांडणासारखी असते. सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. चौबे कॉलोनीतल्या आमच्या आणि त्यांच्या घरांत एकच भिंत आहे. ती बांधणाऱ्याने सिमेंटमध्ये काय वाचवलं ते मला रोज सकाळी सहाला ऐकू येतं.

"प्रभू! पाणी आलं, थँक्यू. पण गढूळ काहून आलं? लाईट आहे, थँक्यू. पंखा घरघर करून राहिला, त्याचं काय? गुडघा चालून राहिला, थँक्यू. पण एकच चालून राहिला ना! दुसऱ्यानं काय पाप केलं?"

हे सगळं ठणकावून. एकदा मी त्यांना विचारलं, "मार्थाबाई, आभार मानताना इतकं रागवायचं कशाला?"

"मी रागावून नाही राहिली, दीदी. मी सांगून राहिली."

त्यांच्या आईने नागपूरला त्यांना लहानपणी नियम घालून दिला होता. देवाकडे तक्रार न्यायला हरकत नाही, पण आधी थँक्यू, मग तक्रार. थँक्यू नसेल तर तक्रार आत घेतली जात नाही. मार्थाबाईंनी हा नियम जन्मभर पाळला, आणि त्यातच त्यांची पंचाईत झाली. तक्रारी इतक्या, की थँक्यू पुरत नाहीत. मग शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी तशा त्या आमच्या दारात येतात. "दीदी, आज थँक्यू कमी पडून राहिले. तुमच्याकडे काही नवीन आहे का?"

तुमच्या बाबाला बढती मिळाली तेव्हा मी त्यांना ती बातमी दिली. संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "दीदीच्या पोराले प्रमोशन मिळालं, थँक्यू. आता त्या नालीचं बोलू." माझ्या मुलाच्या बढतीवर या बाईने कॉलोनीच्या तुंबलेल्या नालीची तक्रार उरकून घेतली! मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. नाली मात्र साफ झाली, आणि त्याचाही मला राग आला.

आता त्या कोण ते सांगते. त्या नर्स होत्या. कॉलोनीतले बहुतेक लोक त्यांना सिस्टर म्हणतात, तुमचे आजोबाही. नवरा रेल्वेत गार्ड होता, त्याच्या बदलीमुळे त्या नागपूरहून रायपूरला आल्या. त्या निवृत्त झाल्या, मग नवरा गेला. अंगाने काटकुळ्या, केस पांढरेशुभ्र, गळ्यात चांदीचा लहानसा क्रूस, आणि हातात नेहमी एखादी वस्तू, जिचा उपयोग बोलताना समोरच्याकडे रोखण्यासाठी होतो.

बुढापाऱ्याजवळच्या भाजीबाजारात मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. पुन्हा जाणार नाही. भेंडीच्या भावावरून घासाघीस ऐन रंगात आली होती आणि बारा वाजले. मार्थाबाईंनी डोळे मिटले. एक हात भेंडीच्या ढिगावर, दुसरा छातीवर, आणि तिथेच दुपारची प्रार्थना. मागे गिऱ्हाइकांची रांग. स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले. भाजीवाली मला विचारते, "दीदी, तबियत तो ठीक है न इनकी?" मी कोबी निरखत उभी. प्रार्थना संपली तसे डोळे उघडले आणि आवाज होता त्याच पट्टीत लागला, "हां, तो भाव का क्या बोल रही थी तू?" भाजीवालीने घाबरून भाव उतरवला. मार्थाबाईंनी तिथल्या तिथे वर बघून थँक्यू म्हटलं.

आमच्याकडे जेवायला आल्या की निराळाच वैताग. मी पोळी तव्यावरून पानात वाढणारी बाई. आमच्याकडे अन्न थंड होत नाही. पण मार्थाबाई जेवणाआधी आभार मानतात ते शेतकऱ्यापासून सुरू करतात. मग गिरणीवाला, गॅसची टाकी आणणारा पोरगा, मीठवाला, पोळी लाटणारी मी. पहिल्या वेळी तुमच्या आजोबांनी घास तोंडात घातला होता. मार्थाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आजोबांनी तो घास गालात धरून ठेवला, तो थेट मीठवाल्यापर्यंत. आता ते त्यांच्यासोबत हात जोडून बसतात आणि शेवटी "आमेन" असं जोरात म्हणतात, कारण त्यानंतर जेवायला मिळतं हे त्यांना कळलं आहे.

मार्थाबाई शुक्रवारी मटण-मासळीला शिवत नाहीत. तो त्यांच्या उपासाचा वार. आमचं घर बाराही महिने शाकाहारी. त्या मला म्हणतात, "दीदी, शुक्रवारी तुमच्याकडे जेवलं का प्रायश्चित्त आपोआप होऊन जाते." याला त्या कौतुक समजतात.

एका वर्षी त्यांनी ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत राग सोडला. ते लोक त्या काळात काहीतरी आवडतं सोडतात. कोणी चहा, कोणी मिठाई. मार्थाबाई कपाळाला राखेचा क्रूस लावून चर्चमधून आल्या आणि मला म्हणाल्या, "मी राग सोडला." दोन दिवसांत कॉलोनी हवालदिल झाली. त्या फाटकापाशी दात आवळून उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत. दूधवाल्याने पाणी न घातलेलं दूध आणून दिलं आणि हात जोडले. नळ दुरुस्त करणारा अर्धं काम टाकून पळाला. शेवटी म्हणे फादरनीच त्यांना बोलावून सांगितलं, की मार्थाबाई, तुम्ही आपला चहा सोडा. त्या घरी आल्या त्या फादरवर तणतणतच, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते अंतोनीबद्दल.

संत अंतोनी म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. मार्थाबाईंच्या बैठकीत फळीवर त्याची वीतभर उंचीची मातीची मूर्ती आहे. तपकिरी झगा, आणि कडेवर बाळ येशू. इतर कॅथलिक घरांत त्याला विनवतात. मार्थाबाई त्याला शिक्षा करतात. चष्मा हरवला की अंतोनीचं तोंड भिंतीकडे. "सापडंपर्यंत पाहायचं नाही इकडे!" वस्तू सापडली की त्याला पुन्हा सरळ करायचं आणि मोठ्याने थँक्यू म्हणायचं. ही त्यांच्या घराण्यातली जुनी रीत. मूर्ती कोणी सरळ करायची याचाही नियम होता. ज्याला वस्तू सापडली त्याचाच तो मान. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

हा मान नेहमी विल्सनला मिळे. विल्सन म्हणजे त्यांचा मुलगा. तुमच्या बाबाच्या मागे-मागे फिरणारा, गुडघे फुटलेला, तोंडाने शिट्टी वाजवणारा. आईची किल्ली, वडिलांची गार्डाची शिट्टी, घरातली कात्री, सगळं त्यालाच सापडायचं, आणि मग तो स्टुलावर चढून अंतोनीला फिरवायचा. त्या फिरवण्याच्या हौसेपायी तो वस्तू स्वतःच लपवतो, असा मला संशय होता. मार्थाबाईंनाही असावा. त्या दर वेळी तितक्याच जोरात थँक्यू म्हणत.

वडिलांच्या अंत्यविधीनंतर मायलेकांचं भांडण झालं. कशावरून, ते मी सांगत नाही, कारण ते सांगण्याइतकं मोठं नव्हतं. भिंतीतून मला शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं. "या घरात पाय नको ठेवू!" मार्थाबाई असं दूधवाल्यालाही म्हणतात. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतोच. विल्सन आला नाही. घराची एक चावी खिशात घेऊन गेला तो गेलाच. फोन नंबर बदलला. कोणी विचारलं तर मार्थाबाई म्हणतात, "बिझी आहे." मला विल्सनचा फार राग येतो. आईचा आवाज ज्याने जन्मभर ऐकला, त्याला त्यातलं एक वाक्य वगळता येऊ नये? तुमच्या बाबाच्या आणि तुमच्या पिढीला सगळं शब्दशः घ्यायची सवय आहे. रागावले मी तुमच्यावर नाही. थोडी तुमच्यावरही.

तो गेला तेव्हापासून अंतोनीचं तोंड भिंतीकडे होतं. चष्मा हरवला, सापडला, गॅसची पावती हरवली, सापडली, अंतोनी हलला नाही. मी एकदा विचारलं, "काय हरवलंय, मार्थाबाई?"

"आहे एक."

"किल्ली?"

"आहे एक म्हटलं ना, दीदी!"

मला कळायचं ते कळलं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या नागपूरच्या भाचीचं लग्न निघालं. जाताना त्या आमच्याकडे चावी ठेवून गेल्या. मोगऱ्याला पाणी घालायचं आणि खिडक्या उघडून हवा खेळवायची. काम आजोबांनी घेतलं, कारण मी घेतलं असतं तर मोगरा छाटून, भांडी उंचीप्रमाणे लावून आले असते, हे मार्थाबाई जाणून होत्या. जाता जाता मला बजावून गेल्या, "तुम्ही येऊ नका. भैयाले पाठवा."

शुक्रवारी सकाळी त्या परतल्या. आजोबा बँकेत गेले होते. मी डाळ फोडणीला टाकत होते तेवढ्यात दार वाजलं. दारात मार्थाबाई. हातात काही नव्हतं, आणि त्या हळू आवाजात बोलल्या. मला वाटलं, नागपूरला कोणी वारलं.

"दीदी," त्या म्हणाल्या, "विल्सन येऊन गेला."

"कुठे आहे?"

"बाहेर गेला असंल. त्याच्याजवळ चाबी आहे ना. अंतोनीले सरळ करून गेला." आणि त्या हसल्या. दात आवळलेलं ते हसू नव्हतं. मी पूर्वी ते पाहिलं होतं, पण फार पूर्वी. "लहानपणची आदत. मले सांगायची पद्धत आहे त्याची. आता येईलच जेवायले. मी मटण आणायले चालली."

"आज शुक्रवार आहे, मार्थाबाई."

"माहीत आहे मले! त्याले मटण आवडते. प्रभू समजून घेईल. नाही घेतलं, तर मी पाहून घेईन त्याच्याकडे."

जन्मात पहिल्यांदा त्या शुक्रवारी मटण शिजवायला निघाल्या होत्या. मी डाळ उतरवली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. विल्सन आला असता तर भिंतीपलीकडून मला ऐकू आलं नसतं का?

आजोबा घरी आले. मी पान वाढलं आणि विचारलं, "तुम्ही तिकडे अंतोनीला हात लावलात?"

"हव," ते म्हणाले आणि पोळी तोडली. "रोज पाणी घालायले जातो तर तो बिचारा पाठ करून उभा. संत मनुष्य! त्याले असं उभं ठेवतेत का? अन् त्याच्या कडेवर लेकरू आहे. त्यानं काही केलं असंल तर केलं असंल, लेकराची काय चूक? मी दिला फिरवून. चांगलं फडकं मारून पुसलं पण."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. हातातलं उलथनं मी त्यांच्याकडे रोखलं होतं. अर्धं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी मार्थाबाईंच्या पट्टीत बोलते आहे. आजोबांनी पोळी पानात ठेवली. 

"मीच सांगतो," ते म्हणाले.

पण भिंतीपलीकडून मसाला परतल्याचा वास येत होता, भांडी वाजत होती, आणि मार्थाबाई गात होत्या. त्या गातात हे मला माहीत नव्हतं. आजोबा दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. "जेवण तर होऊ दे तिचं," म्हणाले. तिचं जेवण होणार नव्हतंच. ती थांबली होती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तरी आम्ही ऊन उतरेपर्यंत एकमेकांकडे बघत बसलो.

शेवटी गेलो. मार्थाबाई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. लग्नात नेसायची निळी रेशमी साडी, केसांत तुमच्या आजोबांनी पाणी घालून जगवलेला मोगरा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

आजोबा म्हणाले, "सिस्टर, अंतोनीले मी फिरवला."

आधी काहीच झालं नाही. मग झालं. मी इतकी वर्षं त्यांचा राग ऐकत आले, पण तो सगळा तालमीतला होता असं वाटलं. "काहून? काहून हात लावला? कोणी सांगितलं तुम्हाले? पाणी घालायले चाबी दिली होती मी, का माझ्या घरात कारभार करायले? मटण शिजवलं मी आज! आज, शुक्रवारी! दिवसभर दारात बसली! काहून, भैया, काहून?"

गल्लीतली दारं उघडली. आजोबा मान खाली घालून उभे. तुमचे आजोबा वाद घालत नाहीत. त्यांनी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं.

"त्याच्या कडेवर लेकरू होतं ना, सिस्टर. तेही भिंतीकडे तोंड करून होतं. मले पाहावलं नाही."

मार्थाबाईंचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी मान वळवून आत पाहिलं. मूर्तीकडे त्या जन्मभर बघत आल्या होत्या. कडेवरच्या पोराकडे त्यांनी कधी पाहिलं होतं की नाही कोण जाणे. भांडण त्यांचं अंतोनीशी होतं.

तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ किणकिणलं. सहा.

त्यांनी डोळे मिटले. सवयच ती. एक हात छातीवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर. आम्ही निघून जायला हवं होतं, पण तिथेच थांबलो. आता देवाची धडगत नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ते ऐकायचं होतं. एकदाचं कोणीतरी त्याला विचारायला हवं होतं.

"प्रभू!" आवाज तोच, भांडणाचा. "आज दिवसभर माझा पोट्टा घरी आला होता. थँक्यू."

आम्ही तक्रारीची वाट पाहत उभे राहिलो. गल्लीतले शेजारीही. तक्रार आली नाही.

त्यांनी डोळे उघडले, पदराने नाक पुसलं आणि आमच्यावर खेकसल्या, "उभे काहून राहिले? भात आहे, डाळ आहे. मटणाच्या भांड्याले हात लावू नका म्हंजे झालं. बसा."

आम्ही बसलो. त्यांनी शेतकऱ्यापासून सुरुवात केली नाही. आजोबांनी मात्र हात जोडले आणि त्या नेहमी म्हणतात ते सगळं आपल्या मोडक्यातोडक्या आठवणीने म्हटलं. शेतकरी, गिरणीवाला, गॅसवाला. मीठवाला विसरले. "मीठवाला," मार्थाबाई म्हणाल्या. मी पहिल्यांदाच थंड भात तक्रार न करता खाल्ला.

निघताना आजोबांनी मूर्तीकडे हात नेला, होता तसा भिंतीकडे फिरवून ठेवायला. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भिंतीपलीकडे सामसूम. मी जागी होते. मला चीड आली. ज्या आवाजाने मला इतकी वर्षं झोपू दिलं नाही, तो ऐन वेळी गायब? मी पायांत चपला सरकवून तडक त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. मार्थाबाई स्टुलावर चढून फळी सरकवत होत्या. अंतोनी आता भिंतीकडे नव्हता आणि खोलीकडेही नव्हता. कोपऱ्यात तिरपा, बाहेरच्या दाराकडे बघत. कडेवरचं लेकरूही दाराकडे.

"ही काय नवीन शिक्षा?" मी विचारलं.

"शिक्षा नाही, दीदी." त्या स्टुलावरून उतरल्या, मागे सरकल्या आणि वॉर्डातल्या नवीन पोरीकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "शिक्षा संपली. आता ड्यूटी."

मग वर बघून त्यांनी नळाच्या पाण्यापासून सुरुवात केली.